लावणं आणि वाजवणं

आमच्याकडे डीजे हा माणूस नसतो, वस्तू असते. ‘यंदा मंडळानं डीजे आणलाय’ म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत आणलीय. ‘पोलिसांनी डीजे जप्त केला’ या बातमीत कुणालाही अटक झालेली नसते. ‘डीजेमुक्त मिरवणूक’ असा फलक लागतो, तेव्हा हा एखाद्या कलावंतावरचा बहिष्कार आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. त्या भिंतीमागे जनरेटरच्या धुरात लॅपटॉप सांभाळत बसलेल्या पोराला ‘ऑपरेटर’ म्हणतात. क्रेनचा असतो, पंपाचा असतो, तसा हा.

त्यामुळे डीजेनं गाणी हातानं जुळवावीत की ते काम संगणकावर सोडावं, हा जगभर वीसेक वर्षं चाललेला वाद मराठीत मांडायला घेतला की पहिली अडचण क्रियापदाची येते. हलगीवाला वाजवतो. बेंजोवाला वाजवतो. ऑपरेटर ‘लावतो’. हळदीच्या मांडवात ‘दादा, जरा कोळीगीत लावा ना’ अशीच फर्माईश जाते. लावण्यात कर्तृत्व नसतं अशी आपली समजूत असते. दिवा लावतो, पंखा लावतो, तसं गाणं लावलं. न्यूयॉर्कच्या किंवा बर्लिनच्या क्लबातले जुने डीजे नव्या पोरांना हिणवतात, तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं: आम्ही वाजवत होतो, तुम्ही नुसतं लावता.

मी बरीच वर्षं या जुन्या मंडळींच्या बाजूचा होतो. अजूनही अर्धा आहे. उरलेला अर्धा का फुटला, ते सांगायचं आहे.

आधी हात नेमकं काय करत होता ते पाहू, कारण प्रेक्षकाला ते कधीच दिसलं नाही. दोन तबकड्या फिरत असतात, मध्ये मिक्सर. एका तबकडीवरचं गाणं सगळ्यांना ऐकू येतंय, दुसरीवरचं फक्त डीजेला, तेही एका कानात. दुसरा कान सभागृहात. चालू गाण्याचे मिनिटाला १२० ठोके पडतायत, येणाऱ्याचे १२३. गती कमीजास्त करायची पट्टी केसभर सरकवून दुसरं गाणं पहिल्याच्या चालीवर आणायचं आणि मग त्याचा पहिला ठोका पहिल्याच्या समेवर सोडायचा. समजा, दोन्ही जुळली असं वाटलं, पण गतीत हजारात एकाचा फरक राहून गेला. मिनिटभरात एकाचा ठोका दुसऱ्याच्या ६० मिलिसेकंद पुढे निघून गेलेला असतो. कागदावर ही किरकोळ गोष्ट. कानाला मात्र ‘धप्’च्या जागी ‘धडप्’ ऐकू येतं आणि नाचणाऱ्याचा पाय हवेत चुकतो. म्हणून मिश्रण चालू असेपर्यंत डीजेचं बोट तबकडीच्या कडेवर असतं. किंचित ढकल, किंचित रोख. तबलजीनं साथ करताना गवयाच्या लयीला सांभाळून घ्यावं, तसं हे दोन निर्जीव गाण्यांना एकमेकांची साथ करायला लावणं.

न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो नावाच्या माणसानं १९७०च्या आसपास सँक्चुअरी या क्लबात हे रूढ केलं. ती जागा मुळात चर्च होती. तेव्हाची गाणी माणसांनी ड्रम वाजवून ध्वनिमुद्रित केलेली, म्हणजे एकाच गाण्यात चाल पुढेमागे होणारी. अशी दोन गाणी लांबवर एकावर एक चालवणं हे काम किती नाजूक असेल, ते एकदा स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. १९७२ साली जपानच्या मात्सुशिता कंपनीनं टेक्निक्स एसएल-१२०० हा टर्नटेबल आणला. त्यात पट्ट्याऐवजी मोटर थेट तबकडीलाच जोडलेली होती, त्यामुळे हातानं रोखलेली तबकडी सोडताक्षणी आपल्या गतीवर येई. १९७९च्या आवृत्तीत गती आठ टक्क्यांपर्यंत वरखाली करणारी सरकती पट्टी आली. पुढच्या तीस वर्षांतल्या डीजेंचे हात या एका यंत्रावर घडले. घरी बसून निवांतपणे गाणी ऐकणाऱ्यासाठी बनवलेली वस्तू वाद्य होऊन बसली.

यंत्राचं वाद्य होण्याची ही गोष्ट आणखी एका गल्लीतही घडत होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत, कूल हर्क या जमैकाहून आलेल्या पोरानं बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत गाणी वाजवली. गाण्यात गायक थांबून नुसता ठेका चालतो त्या काही सेकंदांवरच लोक जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवू लागला. त्याची सुई अंदाजानं पडायची, ठोके नीट जुळायचे नाहीत. ते जुळवलं ग्रँडमास्टर फ्लॅशनं. त्यानं काय केलं, तर तबकडीवर खडूनं खुणा केल्या. घड्याळाच्या काट्यासारखी खूण कुठे आहे ते बघायचं आणि तबकडी तेवढे फेरे उलटी फिरवायची. आज लॅपटॉपच्या पडद्यावर गाण्याच्या रंगीत लाटेवर रेघ मारून ठेवतात, ती या खडूच्या खुणेचीच नात आहे. म्हणजे हाताच्या सुवर्णकाळातल्या सर्वांत तरबेज हातालासुद्धा डोळ्यांचा आधार लागला होता. हे कळलं तेव्हा माझ्या बालेकिल्ल्याची पहिली वीट हलली.

दुसरी वीट बॅंडवाल्यांनी हलवली. डीजेनं ‘लाइव्ह’ या शब्दावर हक्क सांगावा, याचं त्यांना हसू येणार नाही का? अमेरिकेत १९४२ साली जेम्स पेट्रिलो या संघटना-नेत्यानं वादकांना ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घालायला लावला होता. रेडिओवर आणि हॉटेलात तबकड्या वाजू लागल्या तर आमच्या पोटाचं काय, हा त्यांचा सवाल. तो संप दोन वर्षांहून अधिक चालला. आपल्याकडे कुणी संप केला नाही. बॅंडवाल्यांनी गणवेश ट्रंकेत ठेवले, बेंजो पार्ट्यांच्या सुपाऱ्या कमी झाल्या, आणि एका सुगीत डीजे आला. वीस माणसांच्या जेवणाखाणाचा खर्च वाचतो, एवढंच कारण मंडळांना पुरलं. ज्याच्या येण्यानं वाजवणारे गेले, तोच आता संगणक आला म्हणून ‘वाजवणं मेलं’ असा टाहो फोडतो. गंमत म्हणून मी हे नोंदवत नाही. प्रत्येक पिढीला आपल्या हातातलं यंत्र वाद्य वाटतं आणि पुढच्या पिढीच्या हातातलं वाद्य यंत्र वाटतं, एवढं यातून दिसतं. मात्र म्हणून पुढच्या पिढीचं सगळंच बरोबर, असा त्याचा अर्थ होत नाही.

संगणक आला तो चोरपावलांनी. या शतकाच्या आरंभी फायनल स्क्रॅच नावाची प्रणाली निघाली. टर्नटेबल तोच, पण तबकडीवर गाणं नाही, फक्त एक संकेत कोरलेला. तो लॅपटॉपला सांगे की तबकडी किती वेगानं, कुठल्या दिशेनं फिरतेय. गाणं लॅपटॉपातून निघे. रिची हॉटिन आणि जॉन अ‍ॅक्वाविव्हा या नावाजलेल्या डीजेंनी तिचा पुरस्कार केला. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोनं तेच अधिक भरवशाचं करून दिलं. पाठीवरून वाहायच्या तबकड्यांच्या पेट्या गेल्या. इथवर जुन्यांनीही कुरकुरत मान्य केलं, कारण हात शाबूत होता. खरं भांडण पेटलं ते ‘सिंक’ या बटणावर. ते दाबलं की दोन्ही गाण्यांची चाल आणि ठोके आपोआप जुळतात. जे शिकायला दोन वर्षं जात ते एका टिचकीत. २०१२ मध्ये हे बटण क्लबात सर्रास असणाऱ्या पायोनियरच्या यंत्रांवरही आलं आणि पळवाटही उरली नाही.

आता मी माझं म्हणणं मांडतो, आणि त्यासाठी मिरजेला जावं लागेल. तंबोरा म्हटला की आपल्याला मिरज आठवते. गाण्याआधी गवई तंबोरा जुळवतो: पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज. खुंटी पिळायची, घोडीखालचे मणी सरकवायचे, जवारीचा दोरा भुवईच्या केसाइतका हलवायचा. भर मैफिलीत दहा-दहा मिनिटं हे चालतं आणि श्रोते ते मान खाली घालून ऐकतात. १९७९च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. पुढे तो प्रत्येक संगीत वर्गात पोचला, आता तर मोबाइलमध्ये आहे. तो उतरत नाही, दमट हवेनं बिघडत नाही. खेड्यातल्या मुलीला रियाजाला तंबोरा परवडत नव्हता, तिला तो मिळाला. हे उपकार नाकारणारा माणूस कोडगा म्हणायचा.

आणि तरीही जाणते गवई शिष्याला तंबोरा हातानं लावायला शिकवतातच. का? तंबोरा जुळवणं हे गाणं नव्हे. जुळवून कुणी मैफल जिंकत नाही. पण ती दहा मिनिटं गवयाचा कान दुसरं काहीही न करता फक्त सुराकडे असतो. त्या दिवशीच्या त्या खोलीतल्या सुराकडे. डीजेच्या हेडफोनातली ती मिनिट-दोन मिनिटं नेमकी अशीच होती. येणारं गाणं तो जुळवत असताना ऐकत होता. याचा ढोल जाड आहे, याची सुरुवात रिकामी आहे, आता चाललेल्या गाण्यातली बाई थांबली की मगच याला आत घ्यावं, हे सगळं जुळवताना फुकटात कळायचं. सिंकच्या बटणानं जुळवण्याची मेहनत वाचवली, आणि तिच्याबरोबर हे सक्तीचं ऐकणंही गेलं. बटण दाबून मोकळ्या झालेल्या वेळात ज्याला ऐकायचंय तो आजही ऐकू शकतो. उलट जास्त निवांतपणे ऐकू शकतो. फक्त आता ते त्याच्या मर्जीवर आहे. आणि मर्जीवर सोडलेला रियाज कोण करतो, ते प्रत्येक क्लासवाल्याला ठाऊक आहे.

इथे आपली भाषा मला एक टपली मारते. ‘तंबोरा लावणं’, ‘सूर लावणं’, ‘जवारी लावणं’ या संगीतातल्या सर्वांत अवघड क्रियांना आपण ‘लावणं’च म्हणतो. ज्या शब्दाला मी सुरुवातीला पंख्याच्या बटणाशेजारी नेऊन बसवलं, तो इतका हलका नव्हता.

बटणाच्या बाजूनं बोलणारे एक गोष्ट गृहीत धरतात: की ते चालतं. ते चालतं, पण ज्या संगीतासाठी ते घडलं त्या संगीतावर. हाउस आणि टेक्नो संगणकावर बनतं, त्याची चाल पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत तीच असते आणि हिशोब चार-चारच्या चौकटीत चालतो. आपल्या मांडवात काय वाजतं? ताडदेवच्या फिल्म सेंटरला पन्नास वादकांनी एकत्र बसून दिलेलं सत्तरच्या दशकातलं गाणं. त्याची चाल अंतऱ्यात चढते, मुखड्यावर येताना सावरते. सॉफ्टवेअर त्यावर समान अंतराच्या रेघा आखतं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत रेघा एकीकडे, ठेका दुसरीकडे. कोळीगीताचा सहा मात्रांचा झोका तर त्याला धड मोजताच येत नाही. चाल दीडपट सांगतं, नाहीतर दुप्पट. लावणीत ढोलकीचा तोडा आला की बोलायलाच नको. मिनिटाला ठोके किती हा आकडा आपल्या निम्म्या गाण्यांच्या बाबतीत अर्धसत्य असतो. म्हणजे ज्याला उरणला किंवा अलिबागला हळद वाजवायची आहे त्याला हात शिकावाच लागतो, आणि लंडनच्या क्लबात टेक्नो वाजवणाऱ्याला तो न शिकून चालतं. ‘अस्सल’ कोण, हे तुम्हीच ठरवा.

मोजमाप चुकलं की काय होतं ते एप्रिल २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात कोचेला महोत्सवात हजारो लोकांनी पाहिलं. ग्राइम्स ही गायिका-निर्माती डीजे म्हणून मंचावर होती, यंत्रं गाण्यांची चाल दुप्पट दाखवत होती आणि काही केल्या दोन गाणी जुळेनात. गाण्यांची लय नोंदवून ठेवण्याचं काम या वेळी दुसऱ्याकडे सोपवलं होतं, असं तिनं नंतर माफी मागताना सांगितलं. लोक तिच्यावर तुटून पडले. मला तिची चूक फार मोठी वाटली नाही. पण आकडा चुकीचा असताना कानानं काम भागवता यायला हवं होतं, एवढं मात्र खरं. तंबोऱ्याचं अ‍ॅप बंद पडलं म्हणून मैफल थांबवली, तर लोक काय म्हणतील?

इथवर वाचून मी हाताच्याच बाजूला परतलो असं वाटेल. पण गोव्याला विसरून चालणार नाही.

हणजुण्याच्या किनाऱ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या रात्री रंगल्या, त्यांतून गोवा ट्रान्स हा संगीतप्रकार जन्मला. तिथे तबकड्या जवळजवळ नव्हत्याच. उन्हानं त्या वाकायच्या, धूळ आणि वाळू सुईखाली यायची, आणि एवढं ओझं विमानानं आणणार कोण? आधी कॅसेटी होत्या, मग १९८७ मध्ये सोनीनं आणलेली डॅट ही डिजिटल टेप. खिशात मावणारी, आवाज स्वच्छ. पण तिथे वापरात असलेल्या डॅट यंत्रांवर गती बदलायची सोय सहसा नसायची. ठोके जुळवणं अशक्य. एक गाणं संपत यायचं, त्याच्या विरत जाणाऱ्या शेपटावर दुसऱ्याची धुक्यासारखी सुरुवात सोडायची, बस्स. त्या काळातल्या नियमानं पाहिलं तर हे डीजे निव्वळ ‘लावत’ होते. आणि कॅलिफोर्नियाहून येऊन गोव्याचाच झालेला गोवा गिल, जो २०२३ मध्ये वारला, असा लावत लावत चोवीस-चोवीस तास लोकांना नाचवायचा. त्याचं कसब कशात होतं? मध्यरात्री काय, पहाटे तीनला काय आणि नारळांमागून उजाडू लागल्यावर काय, हे ठरवण्यात. रात्रीचं आख्यान रचण्यात. गेल्या पन्नास वर्षांतल्या नाचाच्या इतिहासातलं एक मोठं पान हात न वापरता लिहिलं गेलं, आणि तेही आपल्या शेजारी. हात हीच कसोटी मानली, तर हे पान फाडावं लागेल. मला ते फाडवत नाही.

मग ‘लाइव्ह’ मेलं कुठे? माझ्या मते त्याचा खून लॅपटॉपनं केला नाही. रोषणाईनं केला.

मोठ्या महोत्सवाचा मंच पाहा. २००७ साली गोव्यात कांदोळीला सनबर्न सुरू झाला, तेव्हापासून आपल्याही डोळ्यांना त्याची सवय आहे. शंभर फुटी पडदे, धुराचे फवारे, आगीचे लोळ, आणि मध्ये बोटाएवढा माणूस हात उंचावून उभा. गाण्याचा ठेका फुटतो त्याच क्षणी ज्वाळा उठते. किती नेमकं! नेमकं असणारच, कारण पडद्यावरची चित्रं कित्येक आठवडे आधी बनलेली असतात आणि ज्वाळेची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत बांधलेली असते. अशा बांधलेल्या कार्यक्रमात डीजेला अकराव्या मिनिटाला वाटलं की आज लोक वेगळ्याच रंगात आहेत, दुसरं काही लावावं, तर तो काय करणार? काहीच नाही. गाणं बदललं की चित्र चुकेल, आग चुकेल. कॅनडाच्या डेडमाउस या बड्या कलावंतानं २०१२ मध्ये हे जाहीरपणे लिहून टाकलं: एवढ्या मोठ्या मंचावर आम्ही सगळे मुख्यतः ‘प्ले’ दाबतो, आमचं खरं काम स्टुडिओत होतं, आणि मी मंचावर करतो ते थोडी माहिती असलेल्या कुणालाही तासाभरात शिकवता येईल, अशा आशयाचं. समव्यवसायी चिडले. मला तो त्या वर्षातला सर्वांत सरळ माणूस वाटला.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. नाटक रोज तेच होतं, म्हणून ते खोटं का? कीर्तनकार बुवांचं आख्यान पाठच असतं. खरं आहे, पण बुवांच्या समोर एखादी म्हातारी डोळ्यांना पदर लावते तेव्हा बुवा तो प्रसंग दोन मिनिटं लांबवतात, आणि पोरं चुळबुळायला लागली की पूर्वरंग आवरता घेऊन कथेला हात घालतात. तालीम केलेली असणं वेगळं आणि हात बांधलेले असणं वेगळं. बांधलेल्या कार्यक्रमालाही माझी हरकत नाही. तो चित्रपट आहे, चांगला असेल तर मी तिकीट काढीन. पण चित्रपटाचं तिकीट मैफिलीच्या भावानं विकू नये, आणि मध्ये उभ्या केलेल्या माणसानं न फिरवायची बटणं फिरवल्यासारखी करू नयेत. ते मूक अभिनयाचं काम बघवत नाही.

विचित्र गोष्ट अशी की यातून वाट काढली ती आणखी एका सॉफ्टवेअरनंच. आता डीजेच्या यंत्रावर गाणं या क्षणी कुठे आलं आहे हे वाचून तो संकेत रोषणाईकडे पाठवणाऱ्या प्रणाली आहेत. म्हणजे डीजेनं दिव्यांच्या मागे जायच्याऐवजी दिवे डीजेच्या मागे येऊ शकतात. तंत्राची अडचण संपली तरी बांधलेले कार्यक्रम संपले नाहीत. जिथे बाकीच्या गोष्टींवर एवढा पैसा लागलेला असतो, तिथे एका माणसाच्या ऐनवेळच्या लहरीवर तो सोडायला कुणी तयार नसतं. हे कारण कलेचं नाही, हिशोबाचं आहे, आणि त्याचं पाप सिंकच्या बटणावर ढकलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं आहे.

आवाजाचा विषय इथे टाळता येत नाही, म्हणून एवढंच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; ट्रॉलीवरच्या भिंतीसमोर ते आकडे विनोदासारखे वाटतात. छातीत धडधड होणारे म्हातारे आणि पाळण्यातली पोरं यांचा प्रश्न तर आहेच. पण कारागिरीच्या अंगानंही पाहा: ज्या भिंतीसमोर साठ मिलिसेकंदांची चूक कुणाला ऐकूच येणार नाही, तिथे ती दुरुस्त करायला पोरगा शिकेल कशाला? एवढ्या आवाजात हातही मरतो आणि बटणही वाया जातं.

लॅपटॉपवर माझा खरा राग आहे तो पडद्यासाठी. गाणं आता रंगीत लाट म्हणून दिसतं. ढोल लाल, आवाज निळा. पुढे काय येणार ते डोळ्यांना आधी कळतं. परिणाम असा की डीजे मांडवाकडे बघायचा सोडून, ईमेल तपासणाऱ्या कारकुनासारखा खाली बघत बसतो. सिंक ठेवा. पडदा मात्र झाकून पाहा, निदान शिकण्याच्या पहिल्या वर्षी. डीजेचे वर्ग आता पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली आहेत. तिथल्या एखाद्या गुरूनं पोरांच्या पडद्यावर टॉवेल टाकायचा नियम केला, तर मी त्याच्या वर्गाची जाहिरात फुकट लिहून देईन.

गेल्या मे महिन्यात उरणकडच्या एका गावात बायकोच्या नात्यातली हळद होती. ऑपरेटर बावीस-तेवीस वर्षांचा. सोबत ढोलवाला, कारण हल्ली डीजेबरोबर एक ढोल लागतोच. गाणं लॅपटॉपातलं आणि ढोल त्याच्या चालीवर. मी शेजारी उभा राहून त्याचा पडदा बघत होतो. सिंकचं बटण निळं पेटलेलं.

‘‘बटणावर चाललंय ना रे सगळं?’’

‘‘हो काका,’’ तो वर न बघता म्हणाला. मग वर बघून म्हणाला, ‘‘पण त्या मावशी बघा. मघापासून खुर्चीत बसूनच हात हलवतायत. त्यांना उठवायचं बटण नाही यावर.’’ आणि त्यानं चालू असलेलं नवं गाणं अर्ध्यावर कापून एक जुनं कोळीगीत लावलं. मावशी उठल्या. त्या उठल्यावर त्यांच्या वयाच्या आणखी सहा जणी उठल्या. शंभर फुटी पडद्यासमोर उभ्या असलेल्या कुठल्या ताऱ्याला त्या रात्री एवढी मोकळीक होती?

साडेनऊच्या सुमाराला जनरेटरनं मान टाकली. भिंत गप्प, मांडव काळोखात, लॅपटॉपचा पडदा तेवढा उजळ. ढोलवाला मात्र थांबला नाही. उलट आता कुणाच्या मागे जायचं नव्हतं म्हणून तो खुशीत आला आणि चाल हळूहळू चढवत नेली. मोबाइलच्या उजेडात बाया नाचत राहिल्या. पाचेक मिनिटांनी दिवे लागले. पोरानं गाणं सुरू केलं नाही. एका कानाला हेडफोन लावला, दुसरा कान ढोलाकडे. निळं बटण विझवलं. ढोलाला बटण जोडता येत नाही. डोळे मिटून त्यानं गतीची पट्टी वर सरकवली, थोडी खाली घेतली, पुन्हा वर. बोट गोल चकतीच्या कडेवर. ढोलवाल्याची दोन आवर्तनं त्यानं जाऊ दिली, तिसऱ्याच्या समेवर आवाज सोडला.

ढोलवाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. माझ्या बाजूच्या खुर्चीत पेंगत असलेले मामा डोळे उघडून म्हणाले, ‘‘लाइट आली वाटतं.’’